सातबाऱ्यावरची लोकशाही : विकासविषयक तीन सिद्धान्तांची चिकित्सा

लोकशाही आणि विकास यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न जुना आहे. परंतु जागतिकीकरणाच्या काळात तो नव्या निकडीने पुढे आला. १९९१ साली भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तेव्हापासून आपल्या देशातील विचारवंत, राज्यकर्ते आणि चळवळी या प्रश्नाला मुख्यतः तीन प्रकारची उत्तरे देत आले आहेत. पहिले उत्तर असे की, आधी विकास होऊ द्यावा, लोकशाही त्याच्या मागून येईल. दुसरे उत्तर असे की, लोकशाही स्वातंत्र्य हाच विकासाचा आशय होय. तिसरे उत्तर शेतकरी चळवळीतून आले : खेड्यातील मालाला खुल्या बाजारात न्याय्य भाव मिळाला की विकास आणि स्वातंत्र्य ही दोन्ही खेड्यात आपोआप पोहोचतील.

या तिन्ही उत्तरांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही चिकित्सा केवळ ग्रंथांच्या आधारे करता आली असती. परंतु ज्या ठिकाणी माणसे प्रत्यक्ष राबतात आणि माल प्रत्यक्ष विकला जातो, त्या ठिकाणी सिद्धान्त लावून पाहिल्याखेरीज त्याचे बलाबल कळत नाही. म्हणून नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे गाव आपण कसोटीसाठी घेऊ.

१. कसोटीची जागा

पिंपळगाव बसवंत मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. येथील बाजार समिती टोमॅटो आणि कांदा यांच्या व्यापारासाठी देशभर ओळखली जाते. आसपासचा परिसर द्राक्षबागांचा आहे. येथील द्राक्ष युरोपच्या बाजारात जाते, कांदा आखातात आणि शेजारच्या देशांत जातो, टोमॅटोची क्रेट उत्तर भारतापर्यंत पोहोचते. ‘जागतिकीकरण’ हा शब्द छापील पानावर येण्याच्या कितीतरी आधी त्याचा व्यवहार या रस्त्याने सुरू झाला होता. शेजारच्या ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. म्हणजे सार्वजनिक उद्योग, सहकार, निर्यात आणि खासगी व्यापार ही विकासाची चारही रूपे येथे काही किलोमीटरच्या परिघात एकत्र आढळतात.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही हा परिसर परका नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या सत्याग्रहाचे अग्रणी कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे निफाडला लागून असलेल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. ज्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्यांच्या जन्मभूमीच्या शेजारी आज द्राक्षाची समृद्धी उभी आहे. या समृद्धीत भूमिहीनांचे स्थान कोणते, हा प्रश्न म्हणूनच येथे विचारणे प्राप्त आहे.

२. ‘आधी विकास’ या मताची चिकित्सा

पहिल्या मताचे समर्थक सिंगापूर आणि चीन यांची उदाहरणे देतात. निर्णय वेगाने व्हावेत, विरोधाने कामे अडू नयेत, शिस्त असावी. एकदा पोट भरले की माणूस स्वातंत्र्याचा विचार करील, असे हे प्रतिपादन. आपल्याकडे ते उघडपणे क्वचितच मांडले जाते. मात्र कारभाराच्या पद्धतीत ते वारंवार डोकावते.

कांद्याच्या निर्यातीचेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात पूर्णतः बंद करण्यात आली. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्क कायम राहिले. शुल्क पूर्णपणे रद्द झाले ते १ एप्रिल २०२५ पासून. हे निर्णय अधिसूचनांनी झाले. ज्या जिल्ह्याचे संपूर्ण अर्थकारण त्यावर अवलंबून होते, त्या जिल्ह्यातील कोणत्याही प्रातिनिधिक संस्थेला त्यापूर्वी काही विचारण्यात आले नाही. २०२० च्या तीन कृषिकायद्यांचा अनुभव याहून वेगळा नाही. ५ जून २०२० रोजी त्यांचे अध्यादेश निघाले, सप्टेंबरमध्ये संसदीय समितीकडे न पाठविता ते संमत झाले, राज्यसभेत आवाजी मतदानाने झाले. आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. ‘आधी विकास’ म्हणणाऱ्यांनी वाचविलेला वेळ अशा रीतीने व्याजासह परत द्यावा लागतो.

लोकशाहीने या प्रकाराला उत्तर दिले नाही असे नव्हे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी मतदारसंघातून विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या आणि त्यात कांद्याच्या प्रश्नाचा वाटा होता, हे सर्वांनी मान्य केले. वर्षभराच्या आत शुल्कही गेले. मतपेटीच्या धाकाने धोरण बदलते, एवढे यातून सिद्ध झाले. ‘आधी विकास’ या मताचे खंडन करण्यास हे पुरेसे आहे.

परंतु येथेच आपली चिकित्सा थांबली, तर ती अपुरी राहील. लिलाव बंद पडला की शेतकऱ्याचा माल अडकतो, तसा हमालाचा रोजही बुडतो आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या स्त्रीची मजुरीही बुडते. शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा विधिमंडळात झाली, वृत्तपत्रांत झाली, प्रचारसभांत झाली. हमालाच्या आणि निवडणाऱ्या स्त्रीच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब कोणी मांडला? धोरण बदलण्याची शक्ती मतपेटीत होती खरी. पण ती शक्ती ज्यांच्या प्रश्नाभोवती एकवटली, त्यात हे लोक नव्हते.

३. ‘विकास म्हणजे स्वातंत्र्य’ या मताची चिकित्सा

दुसऱ्या मताचे श्रेष्ठ प्रवक्ते प्रा. अमर्त्य सेन होत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम’ या ग्रंथात त्यांनी विकासाची व्याख्याच बदलली. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ हे साधन असून माणसाच्या खऱ्याखुऱ्या स्वातंत्र्यांचा विस्तार हे साध्य आहे, असे त्यांनी सांगितले. निवडणुका आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी होत नाही, हा त्यांचा सिद्धान्त सुप्रसिद्ध आहे. आंबेडकरी वाचकाला हा विचार जवळचा वाटतो आणि तसा वाटणे योग्यच आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या सिद्धान्ताला भक्कम आधार सापडतो. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात लाखो भूमिहीन व अल्पभूधारक खडी फोडायला उतरले, विरोधी पक्षांनी आणि श्रमिकांच्या संघटनांनी मोर्चे काढले, आणि त्या दडपणातून रोजगार हमी योजना विस्तारली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य ठरले आणि त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर कर बसला. २००५ साली संपूर्ण देशासाठी रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्याचे मूळ या अनुभवात आहे. लोकशाहीने विकास कसा घडवावा, याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

तथापि प्रा. सेन यांच्या विवेचनात एक गृहीतक आहे. सार्वजनिक चर्चेतून समाज आपले अग्रक्रम ठरवितो, असे ते मानतात. ही चर्चा ज्या जागी होते ती जागा सर्वांना सारखीच खुली आहे काय, हा प्रश्न तेथे गौण राहतो. पिंपळगावच्या परिसरात तोच प्रश्न मुख्य ठरतो.

द्राक्षबागेतील कामाची रचना पाहा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, नंतर विरळणी, घड बुडविणे, काढणी आणि पॅकिंग. या कामांसाठी पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात उतरतात. हंगामाचे महिने त्यांचे आयुष्य बागेच्या कडेला जाते. बाग ज्या गावात आहे, त्या गावच्या ग्रामसभेत त्यांना स्थान नाही, कारण त्यांचे नाव तेथील मतदारयादीत नाही. ज्या गावच्या यादीत त्यांचे नाव आहे, ते गाव अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत; परंतु ती ग्रामसभा भरते तेव्हा हा मजूर अनेकदा निफाडात द्राक्षाच्या घडापाशी उभा असतो. जेथे त्याचे मत आहे तेथे काम नाही, आणि जेथे काम आहे तेथे मत नाही. एकाच माणसातला नागरिक आणि श्रमिक असे दोन तालुक्यांत विभागले गेले आहेत.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी शेतकऱ्यांनी पायी मोर्चा काढला. त्यांची प्रमुख मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची होती. कायदा होऊन बारा वर्षे झाल्यानंतरही राजधानीपर्यंत चालत जावे लागले, याचाच अर्थ असा की सार्वजनिक चर्चेचे जे नेहमीचे मार्ग आहेत त्यांतून त्यांचा आवाज पोहोचत नव्हता. स्वातंत्र्य म्हणजे विकास, हे मान्य. परंतु स्वातंत्र्य वापरण्याची जागा कोणाच्या मालकीची आहे, हे विचारल्याखेरीज हा सिद्धान्त पूर्ण होत नाही.

४. ‘भारत विरुद्ध इंडिया’ या मताची चिकित्सा

तिसरे मत याच भूमीत वाढले. नोव्हेंबर १९८० मध्ये शेतकरी संघटनेने ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते व रेल्वे रोखली. श्री. शरद जोशी यांनी मांडलेली ‘भारत विरुद्ध इंडिया’ ही मांडणी या आंदोलनाने घरोघर नेली. शहरी, औद्योगिक ‘इंडिया’ ग्रामीण ‘भारता’चे शोषण करतो, शेतमालाचे भाव पाडणे हेच या शोषणाचे साधन होय, म्हणून शासनाने बाजारातून दूर व्हावे, असा तिचा सारांश. नव्वदीच्या दशकात बहुतेक शेतकरी संघटना डंकेल प्रस्तावाला विरोध करीत असता जोशींनी त्याचे समर्थन केले, ते याच तर्काला धरून. त्यांच्या विचाराला अंतर्गत सुसंगती होती आणि त्यांची निष्ठा वादातीत होती. पिंपळगावजवळच्याच चांदवडला १९८६ साली त्यांनी शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरविले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. जमिनीच्या मालकीचा प्रश्न घराच्या आत नेण्याचे हे कार्य कोणीही उणे लेखू नये.

परंतु घराच्या आत गेलेला हा प्रश्न गावाच्या आत, वेशीजवळच्या वस्तीपर्यंत गेला नाही. ‘भारत’ हा एकजिनसी आहे, असे या मांडणीने धरून चालले. शेतकऱ्याला भाव मिळाला की तो मजुराला अधिक मजुरी देऊ शकेल, असे उत्तर दिले गेले. देऊ शकेल आणि देईल यांत जे अंतर आहे, ते पार करण्यासाठी मजुराच्या हाती कोणता अधिकार असावा, याचे उत्तर मात्र मिळाले नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या स्तुतिपाठकांना जे खडे बोल सुनावले, ते याच एकजिनसीपणाच्या कल्पनेविरुद्ध होते.

आता बाजार समितीकडे वळू. १९६३ च्या कायद्याने महाराष्ट्रात स्थापन झालेल्या या समित्या शेतकऱ्याला सावकार-व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी निर्माण झाल्या आणि त्यांनी ते कार्य काही अंशी केलेही. पण त्यांच्या लोकशाहीची घडण पाहण्यासारखी आहे. अठरा संचालकांपैकी अकरा संचालक गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या संचालकांनी निवडावयाचे, चार ग्रामपंचायत सदस्यांनी निवडावयाचे, दोन व्यापारी-आडत्यांनी, आणि एक हमाल-मापाड्यांनी. सोसायटीचे मुख्य काम पीककर्जाचे असल्यामुळे आणि पीककर्ज सातबाऱ्यावर मिळत असल्यामुळे त्या अकरा जागांची सत्ता प्रायः जमीनधारकांच्याच हाती राहते. २०१७ साली कायद्यात सुधारणा करून शेतकऱ्याला थेट मत देण्यात आले, तेव्हाही किमान दहा गुंठे जमिनीची अट होतीच. २०२० मध्ये ती सुधारणाही मागे घेण्यात आली. दोन्ही वेळा वाद झाला तो कोणत्या जमीनधारकाने मत द्यावे एवढ्यापुरताच. जमीन नसलेल्याचा विषय त्या वादात आला नाही.

ग्रामपंचायत गटातील चार जागांपैकी एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव आहे. ती निवडतात मात्र सर्व ग्रामपंचायतींचे सर्व सदस्य. राखीव जागेवरचा प्रतिनिधी बहुसंख्याकांच्या मतांवर अवलंबून असणे म्हणजे काय, हे १९३२ च्या पुणे कराराचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. हमाल-मापाड्यांची एक जागा परवानाधारकांसाठी आहे. खळ्यावर बसून कांदा निवडणारी परवाना नसलेली स्त्री त्या यादीतही येत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंघटित अंगमेहनती कामगारांना जे संरक्षण दिले, ते देशात आदर्श मानले गेले. तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई आणि लेव्ही यांच्या कपातीवरून वाद होऊन नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव अनेक दिवस थांबले. श्रमाची किंमत कोणी द्यावयाची, यावर अर्धशतकानंतरही एकमत नाही.

आणि जागतिक बाजाराने या रचनेत काय बदल केला? युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग नोंदवावी लागते, औषधांच्या अवशेषांची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक द्रव्याचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले आणि नाशिकचा शेतकरी कर्जात बुडाला. मण्यातील अवशेष दशलक्षांशात मोजणारी ही व्यवस्था फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील अंश विचारीत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, तेव्हा त्या प्रश्नाकडे काही काळ लक्ष गेले. दूरदेशीच्या ग्राहकाला नियम करण्याचा अधिकार आहे, कारण तेथे त्याच्या मताला आणि पैशाला वजन आहे. येथील मजुराला दोन्ही नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. शेतकरी तरी कोठे सुखी आहे? महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोला विक्रमी भाव मिळाला आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो रस्त्यावर फेकावा लागला. आपल्या बौद्ध बांधवांतही अल्पभूधारक आहेत. म्हणून शेतकरी आणि मजूर यांच्यात वैर पेटविणे हा या लेखाचा हेतू नाही. लहान शेतकरी आणि मजूर हे एकाच संकटाचे भागीदार आहेत. मात्र त्या संकटाविषयी बोलण्याचा अधिकार एकाला थोडासा आहे आणि दुसऱ्याला जवळजवळ नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

५. बाबासाहेबांची मांडणी

वरील तिन्ही मतांना जे दिसले नाही, ते बाबासाहेबांनी फार पूर्वी पाहिले होते. १९१८ साली लिहिलेल्या लहान शेतीविषयीच्या निबंधात त्यांनी दाखविले की, शेताचा आकार लहान की मोठा हे केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही; भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते. जमिनीवर जगणाऱ्या रिकाम्या हातांचा भार उद्योगांकडे वळविणे हा त्यांचा उपाय होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ते आणखी पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन जातिधर्मभेद न करता गावकऱ्यांच्या गटांना कसावयास द्यावी, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, आणि ही व्यवस्था संविधानातच लिहिलेली असावी, असे त्यांनी सुचविले. साध्या बहुमताच्या लहरीवर आर्थिक समतेचा पाया सोडू नये, हे त्यामागील सूत्र होते.

ही योजना संविधानात आली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जो इशारा दिला तो सर्वांना ज्ञात आहे : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत. या इशाऱ्याचा आपण पुष्कळदा असा अर्थ घेतो की, राजकीय समता तरी आपल्याला मिळाली, आर्थिक तेवढी राहिली. पिंपळगावचे उदाहरण हा अर्थ दुरुस्त करावयास लावते. विधानसभा आणि लोकसभा यांच्या निवडणुकीत एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व आहे. परंतु ज्या संस्थांत रोजच्या भाकरीचे निर्णय होतात, त्या बाजार समितीत, सोसायटीत, पाणीवापर संस्थेत मताचा आधार माणूस नसून जमीन आहे. राजकीय समता दिल्ली-मुंबईत मान्य झाली आणि गावच्या बाजारात अमान्य राहिली. विसंगती केवळ राजकारण आणि अर्थकारण यांच्यामध्ये नाही, ती खुद्द लोकशाहीच्या संस्थांच्या आत शिरली आहे.

उद्योगीकरणाचे बाबासाहेबांचे उत्तरही जागतिकीकरणाने पालटून टाकले. ओझरच्या कारखान्यासारख्या सार्वजनिक उद्योगात आरक्षणाचे तत्त्व लागू आहे. तेथील कायम नोकरी म्हणजे एका पिढीची सुटका. १९९१ नंतर रोजगाराची वाढ खासगी आणि कंत्राटी क्षेत्रात होऊ लागली, जेथे हे तत्त्व लागू नाही. शेतीतून बाहेर पडण्याची वाट आहे, पण ती ज्या दारापाशी पोहोचते त्या दारावर संविधानाची पाटी नाही.

६. वज्जींचे गण आणि भिक्खूंचा संघ

लोकशाही आणि समृद्धी यांचा संबंध बौद्ध साहित्यातही चर्चिला गेला आहे. महापरिनिब्बान सुत्तात मगधाचा अमात्य वस्सकार भगवंतांकडे येतो, तेव्हा वज्जी जोवर वारंवार एकत्र जमतील, एकमताने कार्य करतील, तोवर त्यांची वृद्धीच होईल, असे भगवान आनंदाशी बोलताना सांगतात. आपल्या लेखनात हा प्रसंग लोकशाहीचा प्राचीन पुरावा म्हणून वारंवार येतो. तो तसा आहेही. परंतु चिकित्सकाने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : वज्जींच्या संथागारात कोण बसत होते? जातककथांत लिच्छवींच्या सात हजार सातशे सात राजांचा उल्लेख येतो. गणाची सभा ही अशा कुलीन क्षत्रियांची सभा होती. त्यांच्या शेतांत राबणारे दास आणि कर्मकर त्या सभेत नव्हते. बाजार समितीची आजची रचना ही एका अर्थाने वज्जींच्या गणाची आवृत्ती आहे.

भगवंतांनी गणाची पद्धत घेतली, पण सभासदत्वाची अट बदलली. संघात शाक्य कुमारांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली आणि शाक्यांना त्याला वंदन करावे लागले. जन्म हा सभासदत्वाचा निकष राहिला नाही. तरीही विनयपिटकात ऋणी माणसाला आणि दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, हेही विसरता कामा नये. समतेच्या संघाचे दारसुद्धा कर्जात आणि गुलामीत जखडलेल्या माणसाला उघडत नव्हते, कारण त्याच्या देहावर दुसऱ्याचा हक्क होता. याचा बोध स्पष्ट आहे. आर्थिक बंधन तुटल्याखेरीज समतेच्या सभेत माणूस पाऊल ठेवू शकत नाही. साखर कारखान्याच्या मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिने गाव सोडणाऱ्या ऊसतोड मजुराला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, राज्यातील चोरी दंडाने थांबणार नाही; शेती करणाऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हिंसा, हिंसेतून समाजाचा ऱ्हास अशी कारणपरंपरा येते. विकासाचा हा विचार अत्यंत प्रगत आहे. पण त्यात देणारा राजा आहे आणि घेणारी प्रजा आहे. बाबासाहेबांनी या विचारात मूलभूत भर घातली. राजाच्या दानाच्या जागी त्यांनी नागरिकाचा संविधानिक हक्क ठेवला. म्हणूनच आपल्या काळातील कल्याणयोजनांची परीक्षा करताना ती दान आहे की हक्क, हे पाहिले पाहिजे.

या कसोटीला दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची योजना लावून पाहू. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती अथवा दोन एकर बागायती जमीन मिळावी, अशी तरतूद आहे. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आली, हे स्वागतार्हच होते. परंतु जमीन खरेदीची मर्यादा तेव्हा जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला एकरी आठ लाख रुपये ठेवण्यात आली. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात या दराने बागायती जमीन मिळेल, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. शिवाय मालकाने स्वेच्छेने जमीन विकावयास काढली तरच ती मिळणार. विकासाने जमिनीचा भाव वाढविला आणि त्या वाढलेल्या भावानेच भूमिहीनाचा हक्क निष्प्रभ केला. ज्यांच्या नावाची योजना, त्यांच्याच शेजारच्या तालुक्यात ती कागदावर राहण्याचा धोका सर्वांत मोठा आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. लोकशाही विकासाला अडथळा आणते हे मत टिकत नाही. लोकशाही असली की विकास सर्वांपर्यंत जातो हेही मत जसेच्या तसे टिकत नाही. खुला बाजार की नियंत्रित बाजार, या वादात दोन्ही पक्ष जमीनधारकाच्या वतीने बोलतात. खरा प्रश्न असा आहे की, जेथे श्रम होतात तेथेच श्रमिकाला निर्णयात वाटा आहे काय?

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर महाराष्ट्रातच त्याला उत्तर आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविण्यात आला आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क देण्यात आला. ओझरच्या परिसरात वाघाड धरणाच्या कालव्यावर नव्वदीच्या दशकात बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नांनी पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाण्याचा कारभार गावाने चालवावा, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. मात्र २००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, तेव्हा सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला मिळाले. नायगावचा धडा कायद्याने घेतला नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. बाजार समितीच्या मतदारयादीत आवारातील आणि खळ्यावरील प्रत्येक श्रमिकाची, विशेषतः स्त्रियांची, नोंद व्हावी आणि त्यांच्या जागा त्यांच्या संख्येला साजेशा असाव्यात. राखीव जागेचा प्रतिनिधी निवडताना त्या समाजाच्या मताला निर्णायक वजन असावे. पाण्याच्या संस्थांत भूमिहीनाला सभासदत्व मिळावे. गायकवाड योजनेतील दर त्या-त्या तालुक्यातील जमिनीच्या प्रत्यक्ष भावाशी जोडले जावेत. हंगामी मजुराला कामाच्या गावी रेशन, आरोग्य आणि मुलांची शाळा यांविषयी ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार असावा. यांपैकी एकाही मागणीसाठी संविधान बदलावे लागत नाही.

आपल्या विहारांनाही यात कार्य आहे. वज्जींना भगवंतांनी सांगितलेला पहिला नियम वारंवार एकत्र जमण्याचा होता. पौर्णिमेला वंदना झाल्यावर तासभर बाजार समितीचा वार्षिक अहवाल वाचला गेला, सोसायटीच्या सभासदयादीत आपली नावे किती हे पाहिले गेले, सुरगाण्याहून आलेल्या टोळीतील माणसांना त्या बैठकीस बोलावले गेले, तर त्यात धम्माचरणाला काही उणे येणार नाही. अहवाल मागणे हा सभासदाचा अधिकार आहे. आणि जो सभासद नाही, त्याने आपण सभासद का नाही, हे विचारण्यापासून सुरुवात करावी.